डबीवरच लिहिलं होतं

आत्यानं पुस्तक मिटलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "म्हणजे दोन हजार वर्षं सगळे मिळून खोटं बोलत होते, आणि ते ह्या एका प्राध्यापकाला तीन दिवसांत कळलं?"

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी जमतो. महिनाभर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्या दिवशी चहा-लीलो चिवड्याबरोबर त्याच्यावर बोलायचं. यंदा पावसाळाभर आम्ही एकाच जातीच्या कादंबऱ्या घेतल्या होत्या. कुठेतरी उत्खननात काहीतरी हाती लागतं, एखादी कुपी, एखादं थडगं, भूर्जपत्राची गुंडाळी. त्यानं एका मोठ्या धर्माचा पाया हादरणार असतो. ते दडपायला एक गुप्त मंडळ निघतं, आणि इतिहासाचा एक प्राध्यापक जीव मुठीत धरून या शहरातून त्या शहरात पळत सुटतो. बहुतेक सगळ्या भाषांतरित. एका बैठकीत चारशे पानं संपवायला लावणाऱ्या.

मला या कादंबऱ्या आवडतात, हे आधीच सांगते. शाळेत असताना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पहिली अशी कादंबरी आणली ती रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचली होती. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोद्यात जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिचं ते मुख्य घर. लोखंडी कपाटं आणि काचेच्या जमिनी. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली उभं राहून त्याच्या पावलांच्या सावल्या दिसतात. तिथं मान वर करून उभी राहिले की मला वाटायचं, कुठलं तरी पुस्तक ओढलं तर मागे दार उघडेल. ते वाटणं मला त्या कादंबऱ्यांनी दिलं आणि ते अजून गेलेलं नाही. म्हणून आत्याच्या प्रश्नावर बाकीचे हसले तेव्हा मला हसू आलं नाही. तिनं नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी बोलणं बरंच रंगलं. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "मला त्यातलं खरं-खोटं नकोच आहे. पान उलटावंसं वाटतं, बास." पण लगेच त्यांनीच सांगितलं की कादंबरीत निकियाच्या धर्मसभेचा उल्लेख आला म्हणून त्यांनी घरी जाऊन शोधलं. इसवी सन ३२५. कादंबरीत म्हटलं होतं की बायबलात कोणती पुस्तकं ठेवायची आणि कोणती गाडायची हे त्या सभेत ठरलं. प्रत्यक्षात तिथला मुख्य वाद एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा होता, ख्रिस्त आणि परमेश्वर यांचं नातं काय याचा, आणि ईस्टर कधी साजरा करायचा हेही तिथं ठरलं. ग्रंथांची यादी तिथं झालीच नव्हती. काका सत्तरी ओलांडलेले आहेत. त्या वयात एका थरारक कादंबरीनं माणसाला चौथ्या शतकातला वाद वाचायला बसवलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

माझा भाचा विद्यापीठात पुरातत्त्व शिकतो. त्याची तक्रार वेगळीच. "मावशी, यांच्या खड्ड्यात थरच नसतात." कादंबरीतला नायक माती उकरतो आणि वस्तू उचलतो. खऱ्या कामात वस्तू उचलण्याआधी ती कुठल्या थरात आहे, तिच्या वर काय, खाली काय, शेजारी कुठली खापरं, हे सगळं नोंदवावं लागतं. जागा सुटली की वस्तू मुकी होते, असं तो म्हणाला. आपल्याकडे गावोगाव 'पांढरीचं टेकाड' म्हणतात ना, त्या पांढऱ्या मातीत शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, फुटलेली मडकी एकावर एक बसलेली असतात. तो ती वाचायला शिकतोय. अख्खा हिवाळा ऊन खात त्यानं एक चौकोन खणला आणि शेवटी हाताला लागलं काय, तर खापरं आणि एक मणी. त्या मण्याबद्दल तो अर्धा तास बोलला.

आणि एक डॉक्टर येतात आमच्यात. ते सगळ्यांचं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, "पण लपवत असतीलच हो काहीतरी. एवढं सगळं लिहितात ते काय उगीच?"

हेच वाक्य घेऊन मी त्या रात्री झोपले आणि सकाळी उठले तेव्हाही ते डोक्यात होतं. कारण या कादंबऱ्या वाचून उठणाऱ्या दहांतल्या सात जणांच्या मनात मागे राहतं ते हेच. तारखा विसरतात, नावं विसरतात. कुणीतरी काहीतरी लपवतंय, हे राहतं. अभ्यासक, पुजारी, संग्रहालयवाले, सगळे एका कटात.

मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचंच घ्या. १९४७च्या सुमारास कुमरानजवळच्या एका गुहेत बेदुइन मेंढपाळांना मातीच्या रांजणांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. पुढे दहा वर्षांत अशा अकरा गुहा निघाल्या. चौथ्या गुहेतून तर हजारो तुकडे आले, काही नखाएवढे. ते जुळवायचं काम मोजक्या अभ्यासकांच्या हाती दिलं गेलं आणि ते रखडलं, चाळीस वर्षं रखडलं. माणसं म्हातारी झाली, काही वारली, आपला वाटा दुसऱ्याला द्यायला कुणी राजी होईना. एवढ्या वेळात जगभर बोलबाला झाला की व्हॅटिकननं ते दाबून ठेवलंय, त्यात ख्रिस्ती धर्म बुडवील असं काही आहे. शेवटी १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयानं आपल्याकडची छायाचित्रं सगळ्यांना खुली केली. बुडवणारं काही निघालं नाही. निघाली ती हिब्रू बायबलची आधी माहीत असलेल्या प्रतींहून हजार वर्षं जुनी हस्तलिखितं, एका पंथाचे नियम, प्रार्थना, पंचांगं. चाळीस वर्षांच्या दिरंगाईचं कारण संथपणा आणि मालकीचा हट्ट एवढंच होतं. कादंबरीला ते कारण पुरत नाही, हे मला समजतं. पण माझ्यासारखी वाचणारी बाई जेव्हा म्हणते की 'धूर आहे तिथं जाळ असणारच', तेव्हा त्या तुकड्यांवर जन्म घालवणाऱ्या माणसांवर तिनं केवढा आळ घेतलेला असतो!

खरी फसवणूक जिथं झाली तिथं ती केवढी किरकोळ होती पाहा. १८९८ साली फ्यूरर नावाचा पुरातत्त्व खात्यातला अधिकारी उघडा पडला. त्यानं ब्रह्मदेशातल्या एका भिक्षूला बुद्धाचे म्हणून खोटे अवशेष पुरवले होते; त्यातला एक दात घोड्याचा निघाला. साम्राज्यं हादरवणारा कट वगैरे काही नाही. एका श्रद्धाळू माणसाची एका हुशार माणसानं केलेली फसवणूक. मला त्या भिक्षूचं फार वाईट वाटतं. त्याच्यावर कादंबरी कुणी लिहीत नाही.

सोमवारी देवपूजा करताना माझी नजर गंगेच्या लोटीवर गेली आणि मला काय म्हणायचंय ते एकदम उमगलं.

आमच्या देवघरात आजीच्या वेळेपासून तांब्याची लोटी असायची. आजोबा काशीयात्रेहून परतताना घेऊन आलेले. मुठीत मावेल एवढी, पोटाशी गोल, आणि तोंड डाग देऊन पक्कं बंद केलेलं. अशी लोटी बहुतेक मराठी घरांत असते, बडोद्यातही असते. लहानपणी दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही भावंडं ती हळूच काढून कानाशी हलवत असू. आतून डुचमळल्याचा आवाज यायचा. माझ्या चुलतभावाची खात्री होती की आत पाण्याबरोबर हिरा आहे, कारण आजोबा गायकवाडांच्या खाजगीत कारकून होते आणि त्यांच्याबद्दल घरात काही गोष्टी कुजबुजत बोलल्या जायच्या. मला वाटायचं आत एखादी चिठ्ठी असेल. आजीनं एकदा पकडलं. ओरडली नाही. लोटी हातातून घेतली, पुसली, परत ठेवली आणि म्हणाली, "गंगा आहे ती. निजू दे तिला."

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. श्रावणातली रात्र. तिची घरघर सुरू झाल्यावर काकांनी लोटी आणली. डाग उघडेना. काकूनं दाभण आणलं, काकांनी ते तोंडावर धरून खलबत्त्याच्या बत्त्यानं दोन घाव घातले आणि तांब्याला भोक पडलं. मी अगदी शेजारी उभी होते. लोटी वाकडी केली, आणि पळीत पाणी आलं. स्वच्छ पाणी. त्यात तुळशीचं पान टाकून ते आजीच्या ओठांवर सोडलं. अर्धं गालावरून ओघळलं.

आत पाणीच होतं. आहे म्हणून सांगितलं होतं तेच.

बंद केलेली प्रत्येक गोष्ट लपवलेली असते, हे या कादंबऱ्यांचं गृहीतच मला खटकतं. माणसं वस्तू बंद करतात ती बहुतेक वेळा जपायला. सांडू नये, वारा लागू नये, वेळेवर हाताशी असावी म्हणून. लपवणाऱ्याला आत काय आहे हे कुणाला कळायला नको असतं. जपणाऱ्याचं उलट. तो वर नाव घालतो.

आणि तसं नाव घातलेली एक डबी आमच्याच गावात आहे.

भाच्यानं मला त्याच्या विभागातल्या एका जुन्या अहवालाच्या छायाप्रती आणून दिल्या. देवनी मोरी, शामळाजीजवळचं गाव, मेश्वो नदीच्या काठी. बडोद्याहून निघालं तर उत्तरेला राजस्थानच्या हद्दीपर्यंत जावं लागतं. तिथं एक टेकाड होतं, लोक त्याला भोजराजाचा टेकरा म्हणायचे. मेश्वोवर धरण होणार आणि ते सगळं पाण्याखाली जाणार हे ठरलं होतं. तेव्हा १९६०च्या आगेमागे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं, आर. एन. मेहता आणि एस. एन. चौधरी यांच्या देखरेखीखाली, तिथं चार-एक हंगाम खोदकाम केलं. टेकाडाखाली विटांचा मोठा स्तूप निघाला, शेजारी विहार, भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, इथं तेव्हा राज्य करणाऱ्या क्षत्रप राजांची नाणी. आणि स्तूपाच्या पोटात एक दगडी डबी. तिच्या आत तांब्याची डबी, रेशमी वस्त्र, सोन्याची इवलीशी कुपी आणि रक्षा.

कादंबरीवाल्यांना घड्याळ लागतं, टिकटिक करत शून्याकडे जाणारं. इथं ते खरोखरीचं होतं. पाणी वर येणार होतं. ज्यांनी ते काम केलं त्यांच्यामागे कुणी मारेकरी लागले नव्हते, पण आज खणलं नाही तर परत कधीच नाही, हे ओझं डोक्यावर घेऊन त्यांनी एकेक वीट मोजली, आराखडे काढले आणि १९६६ साली अहवाल छापला. आज तो स्तूप जलाशयाखाली आहे. डबी बडोद्यात आहे.

डबीवर संस्कृतात, ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला आहे. मी तो भाच्याबरोबर बसून शब्दाशब्दानं लावला, आणि एवढ्या कादंबऱ्या वाचून कधी झालं नव्हतं तसं माझ्या अंगावर शहारा आला. त्यात सगळंच सांगून टाकलंय. सुरुवातीला सर्वज्ञाला नमस्कार. मग काळ: कथिक राजांचं एकशे सत्ताविसावं वर्ष, भाद्रपदाचा पाचवा दिवस, राजा रुद्रसेन. मग महास्तूप उभारणारे शाक्यभिक्षू, अग्निवर्मा आणि सुदर्शन. आणि मग डबीबद्दल: ही 'दशबल-शरीर-निलय' आहे. दशबल म्हणजे दहा बळांचा, बुद्ध. शरीर म्हणजे इथं त्याच्या देहाचे अवशेष. निलय म्हणजे घर. ती घडवली सेनाचा मुलगा वराह यानं. करवून घेतली महासेन नावाच्या भिक्षूनं.

काय आहे, कुणाचं आहे, कुणी केलं, कुणी सांगितलं, कधी केलं. डबीवरच लिहिलं होतं.

आणि तरी कोडं उरलंच. हे मला फार आवडलं. कथिक राजे कोण? इतर कुठल्या लेखात ते भेटत नाहीत. त्यांची कालगणना शकाचीच धरली तर डबी इसवी सन २०५ची होते. इसवी सन २४८-४९पासून सुरू होणारी गणना धरली तर ३७५च्या आसपासची. क्षत्रपांत रुद्रसेन नावाचे राजे दोन्ही काळांत होते, त्यामुळे राजाच्या नावानंही सुटका होत नाही. हा पावणेदोनशे वर्षांचा फरक साधा नाही. मातीच्या त्या बुद्धमूर्ती कोणत्या काळच्या, बुद्धाची मूर्ती पश्चिम भारतात कशी पसरली, अजिंठ्याच्या कामाआधी इथं काय चाललं होतं, हे सगळं त्यावर टांगलेलं आहे. अभ्यासक त्यावर अजून भांडतात, आणि उघड्यावर, आपापल्या नावानं लिहून. कोडं असणं आणि कट असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्या भांडणात जो थरार आहे तो पळापळीत नाही.

(भाद्रपदाचा पाचवा दिवस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी ऋषिपंचमीच आली, घरात गणपती बसलेले आणि ऋषीची भाजी. लेखात पंधरवडा सांगितलेला नाही, म्हणून ते फार ओढायचं नाही. पण मनात आलं ते आलं.)

पुढच्या शनिवारी मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्यात एक शिक्षिका मैत्रीण आहे, बौद्ध घरातली. ती सहसा कमी बोलते. ती म्हणाली, "मला त्या कादंबऱ्यांत एकच त्रास होतो. तिथं असा अवशेष म्हणजे ऐवज असतो. कुणाच्या हाती लागेल, कितीला जाईल. माझी आजी असती तर डबीपुढे नुसती बसली असती." मग तिनं कमाटीबागेतल्या त्या वडाची आठवण काढली. १९१७ साली बाबासाहेब बडोदे संस्थानात नोकरीला आले, याच गावच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून. आणि याच गावात त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, मित्रांनी दारं लावली, आणि ते बागेत जाऊन बसले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९५६ साली नागपूरला त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली. त्याला दहा वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात ही डबी मातीतून वर आली आणि बडोद्यात आली. "तिला जागा मिळाली," ती म्हणाली, आणि चहाचा कप खाली ठेवला. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

२०२५ साली उत्तर प्रदेशातल्या पिपरहव्याची रत्नं लिलावाला निघाली होती तेव्हाही तीच अशी गप्प झाली होती. १८९८ साली तिथल्या स्तूपात बुद्धाच्या अवशेषांबरोबर सापडलेली रत्नं ती. भारतानं हरकत घेतली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी ती परत आली. वर्तमानपत्रांनी ती बातमी किमतीच्या आकड्यासकट छापली. आकडा मलाही लक्षात राहिला होता, रत्नं कशाबरोबर ठेवलेली होती हे मात्र पुन्हा वाचावं लागलं.

डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं. "ही एक डबी झाली हो. पण गुप्त लिप्या असतात की!" त्यांचं खरं आहे, असतात. आपल्या मराठीतच आहे आणि तिचा धागा पुन्हा गुजरातेतच येतो. चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, बडोद्याहून गाडीनं तास-दीड तासावर. त्यांच्या आठवणींचा लीळाचरित्र हा ग्रंथ तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केला. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले आणि काही शतकं मराठीतला हा एवढा मोठा ठेवा मठांच्या भिंतींआड राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. कादंबरीला याहून चांगला मसाला कुठून मिळणार? पंथ, कूटलिपी, बंद मठ, एक हट्टी संशोधक.

पण उघडल्यावर आत काय होतं? स्वामी कुठल्या गावी उतरले, काय जेवले, त्यांच्या शिष्या बाइसांनी काय विचारलं, महदाइसेनं किती प्रश्न विचारून भंडावलं आणि स्वामींना तिच्या त्या विचारत राहण्याचं किती अप्रूप होतं. एका मोठ्या माणसाचे साधे दिवस, ज्यांनी ते पाहिले त्यांनी जिवापाड सांभाळलेले. ज्या काळात पोथ्या जळत होत्या, विटंबना होत होती, त्या काळात त्या माणसांनी आपल्या आठवणींना डाग देऊन तोंड बंद केलं. लोटीसारखं. बंद का केलं हे कळलं की मग कुलुपाचा राग येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "हं." त्यांचं 'हं' म्हणजे मान्य नाही, पण विचार करतो. तेवढं पुष्कळ झालं.

आपल्याकडे अजून एक भीती आहे, ती बोलून टाकते. धर्म आणि उत्खनन हे दोन शब्द एका ओळीत आले की आपण वाचक आधी बघतो, कुणाच्या बाजूचं निघालं. मग खापरांनाही बाजू येते. या कादंबऱ्यांनी तो खेळ सुरू केला असं मी म्हणणार नाही, पण जमिनीखाली निकाल पुरून ठेवलेला असतो ही सवय त्या लावतात, आणि ती सवय आपल्याला परवडणारी नाही. देवनी मोरीच्या थोडं पलीकडे शामळाजीचं विष्णुमंदिर आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथं मोठी जत्रा भरते. दोन्ही एकाच नदीच्या खोऱ्यात. कुणी कुणाला खोटं पाडत नाही.

आत्याचा मूळ प्रश्न मात्र राहिलाच होता, आणि तो तिचा तिनंच सोडवला. तिनं कुठंतरी ट्युरिनच्या कफनाबद्दल, ख्रिस्ताचं म्हणून जपलेल्या कापडाबद्दल, वाचलं. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन तपासणी करून ते कापड १२६० ते १३९० या काळातलं असल्याचं सांगितलं. म्हणजे ख्रिस्ताच्या काळचं नाही. "आणि अजून लोक रांगा लावतात!" आत्या म्हणाली. "यात मला तरी काही नवल वाटत नाही बाई. आमच्या विठोबाची मूर्ती कितव्या शतकातली हे विचारून का मी वारीला गेले होते?" कादंबरीतला पोप त्या एका चिठ्ठीला एवढा का घाबरतो, हे तिला म्हणूनच पटलं नव्हतं. तिच्या मते ती कादंबरी लिहिणाऱ्याला देव नको असेल तर नको, पण त्याला भाविक माणूसही नीट दिसला नव्हता. समीक्षा म्हणून मला हे एक वाक्य पुष्कळ वाटतं.

मी तिला म्हटलं, "चल, तुला एक दाखवते," आणि रविवारी रिक्षानं कमाटीबागेत घेऊन गेले.

म्युझियममध्ये आकोट्याच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. आकोटा म्हणजे आताचं आपलं अकोटा, विश्वामित्रीच्या पलीकडचं, जिथं आता अपार्टमेंटं आहेत आणि पुलावर संध्याकाळी गर्दी होते. जुनं अंकोट्टक. १९५१ साली तिथं जमिनीतून जैन मूर्तींचा साठाच निघाला, अडुसष्ट नग. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ लिहिला. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी धामधुमीत त्या मूर्ती जमिनीत ठेवून दिल्या आणि परत न्यायला आलं नाही.

त्यांत जीवंतस्वामी आहेत. महावीर, पण घर सोडण्याआधीचे. अजून राजपुत्र, डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि उभे मात्र ध्यानात. सगळं अंगावर असताना मन निघून गेलेलं. आत्या काचेशी इतकी वाकली की तिच्या श्वासानं काच धुरकटली. तिनं पदरानं ती पुसली. मी तिला सांगितलं की अशा एका मूर्तीच्या बैठकीवर लेख आहे: ही जीवंतस्वामींची प्रतिमा चंद्रकुलातल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेचं दान. सहाव्या शतकाच्या आसपासची ती बाई.

"नागीश्वरी," आत्या म्हणाली. मग परत म्हणाली.

बाहेर आलो. वडांच्या सावलीत शेंगा घेतल्या. आत्या बाकावर बसून टरफलं पदरात गोळा करत होती, खाली टाकायची नाहीत म्हणून. बराच वेळ तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"तो तुझा डबीवाला," ती अचानक म्हणाली. "वराह ना?"

"हो. सेनाचा मुलगा."

"बापाचं नाव घातलं. आईचं असेल का गं कुठं? दुसऱ्या बाजूला वगैरे?"

मी म्हटलं, नाही, लेख पूर्ण वाचलाय, आईचं नाव नाही.

"परत एकदा बघायला सांग पोराला," आत्या म्हणाली. "नीट."